फाटक उघडं, सिग्नल हिरवा

अण्णा दर वर्षी नाताळच्या कार्डात एक चूक मुद्दाम करायचे. तीही अशीतशी नाही, आठवडाभर डोकं खाजवून शोधून काढलेली. कार्डावर नेहमी आगगाडीच असायची. लोकांकडून गव्हाणी, मेंढरं आणि मागी म्हणजे पूर्वेच्या ज्ञानी लोकांची कार्डं यायची. आमच्याकडून जायची ती रुळांवरची. बर्फ नाही, हरणं नाहीत. कधी दौंडचा फलाट, त्यावर शाल गुंडाळून बसलेला हमाल, इंजिनाच्या तोंडावर झेंडूचा हार आणि स्टेशनमास्तरच्या खोलीबाहेर टांगलेली कागदाची चांदणी. काळ्या शाईच्या केसासारख्या बारीक रेघा, वर रंगीत पेन्सिल.

माझे वडील अण्णासाहेब रणनवरे मूळचे नगरचे मराठी ख्रिस्ती. रेल्वेत आरेखक म्हणून दिल्लीला आले आणि इथलेच झाले. कस्तुरबा गांधी मार्गाच्या टोकाला रेल्वेची कचेरी आहे, तिथल्या सिग्नल विभागात त्यांनी चौतीस वर्षं नकाशे काढले. कुठल्या स्टेशनात कुठे सिग्नल, कुठल्या फाटकाशी तो जोडलेला, हे सगळं त्या नकाशांवर असायचं. प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात दोन छोट्या चौकटी असत, ‘काढले’ आणि ‘तपासले’. पहिल्या चौकटीत अण्णांची आद्याक्षरं, अ. र. दुसरीत अ. दे., म्हणजे अशोक देवस्थळी.

अशोककाका तपासनीस. बरोबर असलेल्या प्रत्येक गोष्टीवर पिवळ्या पेन्सिलीची खूण आणि चूक असेल तिथे लाल गोल, अशी त्यांची पद्धत. आणि एक नियम, जो कचेरीचा होता पण काकांनी देवघरातल्यासारखा पाळला. तपासणाऱ्याने चूक स्वतःच्या हाताने दुरुस्त करायची नाही. लाल गोल करायचा, खाली ‘दुरुस्त करून पुन्हा पाठवावे’ लिहायचं आणि कागद ज्याने काढला त्याच्याकडे परत पाठवायचा. अण्णा म्हणायचे, या माणसाने मला चौतीस वर्षांत एक रेघ फुकट दिली नाही.

कार्डाचा खेळ यातूनच निघाला. अण्णा मूळ कार्ड काकांना पाठवायचे आणि बाकी नातेवाइकांना सरोजिनी नगरच्या दुकानातून काढून आणलेल्या त्याच्या प्रती. काका ते कार्ड तपासायचे, मुद्दाम केलेली चूक शोधून तिच्याभोवती लाल गोल करायचे, बाकी सगळीकडे पिवळ्या खुणा, कोपऱ्यात अ. दे., आणि नाताळच्या आधी पोस्टाने परत. कार्डावरही त्या दोन चौकटी असत. परत आलेलं कार्ड आमच्या बाहेरच्या खोलीत दोरीवर कपड्यांच्या चिमट्याने लटकायचं. गेल्या वर्षीपर्यंत दोरीवर अडतीस कार्डं झाली होती. माझ्या लग्नाच्या वर्षीच्या कार्डात इंजिनाचा धूर डावीकडे जातोय आणि गार्डाचा झेंडा उजवीकडे फडकतोय. काकांनी ते धरलं. एका वर्षी चहावाल्याची सावली उलट्या बाजूला पडली होती, ती सापडायला काकांना फेब्रुवारी उजाडला, आणि अण्णा होळीपर्यंत खुशीत होते. सहा वर्षांपूर्वी आई गेली, सुनंदा तिचं नाव. त्या वर्षी अण्णा चूक करायला विसरले. कार्ड नुसत्या पिवळ्या खुणांनी भरून परत आलं. खाली लिहिलं होतं, ‘यंदा सर्व बरोबर आहे.’ अण्णा ते वाचून बराच वेळ खिडकीशी उभे होते.

माझं नाव विनया. मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे. माझा पारा लवकर चढतो. ऑफिसात माझ्यामागे मला मिर्ची मॅडम म्हणतात हे मला माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडतं. लक्ष्मीबाई नगरमध्ये आमचं सरकारी घर आहे. माझा नवरा चैतन्य गुडगावला एका कंपनीत आहे, पुण्याचा, गणपती बसवणारा. अण्णा आई गेल्यापासून आमच्याकडे असतात. घरात गणपतीही बसतो आणि चांदणीचा कंदीलही लागतो, त्यावरून आमचं कधी भांडण झालं नाही. भांडायला आम्हाला दुसरे विषय पुरतात.

ऑगस्टमध्ये अण्णांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात पूर्ण गेला, पाय थोडा वाचला, बोलणं तुटक झालं. एक शब्द काढायला ते एवढा वेळ घ्यायचे की समोरचा तो शब्द स्वतःच बोलून मोकळा व्हायचा. मीही तेच करायची. हॉस्पिटलमधून घरी आणलं त्या दिवशी त्यांनी माझं मनगट डाव्या हाताने धरलं आणि म्हणाले, “अशोकला… नाही सांगायचं.”

“का हो अण्णा? काकांना कळायला नको?”

“नाही,” ते म्हणाले. मग पुन्हा, “नाही.”

ते लपवणं सोपं होतं. काका फरीदाबादला त्यांच्या मुलाकडे राहतात. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे फोनवर दोघांचं कधी जमलंच नाही. काकांचे गुडघे गेले, अण्णांना दमा, म्हणून येणंजाणंही दोन वर्षं बंद होतं. उरलं होतं ते कार्ड.

फिजिओथेरपीला एक मुलगी यायची. तिने पहिल्याच आठवड्यात अण्णांपुढे जाड खडू आणि चित्रकलेची वही ठेवली. “अंकल जी, बाएँ हाथ से कोशिश कीजिए ना, कुछ भी बनाइए,” ती म्हणाली. अण्णांनी वहीकडे पाहिलं, खडूकडे पाहिलं आणि डाव्या हाताने दोन्ही टेबलावरून खाली लोटलं. त्यानंतर त्या विषयाचं नावच घ्यायची सोय राहिली नाही. ते बाल्कनीत उन्हाला बसायचे, उजवा हात मांडीवर ठेवून, कोणीतरी विसरून गेलेल्या सामानासारखा.

नोव्हेंबर अर्धा सरला तशी माझी झोप उडाली. कार्ड गेलं नाही तर काकांना कळणार. कळलं तर अण्णांना कळणार की काकांना कळलं. त्यांना सगळ्या जगाने पाहिलं तरी चालत होतं, शेजाऱ्यांनी, डॉक्टरांनी, माझ्या ऑफिसातल्या लोकांनी. फक्त त्या एका माणसाने हा हात असा पाहायला नको होता. मला ते समजत होतं. म्हणून मी ठरवलं की कार्ड जाईल.

सरकारी नोकरीत बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या सहीची पत्रं लिहीत आले आहे. मसुदा माझा, सही साहेबांची, आणि साहेब वाचतात कुठे. त्यामुळे अण्णांच्या नावाने कार्ड काढण्यात मला काही वावगं वाटलंच नाही. दोरीवरची जुनी कार्डं नाताळ सोडून एरवी पेटीत असायची, त्यातली चार मी गुपचूप ऑफिसात नेली. दुपारच्या सुट्टीत मीटिंगच्या खोलीतल्या काचेच्या टेबलाखाली दिवा ठेवला आणि वर कागद धरून गिरवायला बसले. इंजिन एका कार्डातलं, डबे दुसऱ्यातले, चांदणी तिसऱ्यातली. अण्णांचीच पेनं, अण्णांचीच शाई. अकरा दुपारी लागल्या. मान आखडली, पण काम झक्क झालं. अगदी त्यांच्यासारखं, असं मला वाटलं.

चूक कुठली करायची यावर मी मेट्रोत विचार केला. मला हुशारीची चूक हवी होती. मी एक फाटक काढलं, उघडं. त्यातून सायकलवर एक माणूस चाललाय, कॅरिअरला केकचा डबा बांधलेला. पलीकडून गाडी येतेय. आणि गाडीसाठी लागलेला सिग्नल हिरवा. खरं तर फाटक उघडं असताना सिग्नल हिरवा होऊच शकत नाही, तशी यंत्रणाच असते. एवढं अण्णांच्या पोरीला ठाऊक होतं. मी स्वतःवर बेहद्द खूश झाले. कोपऱ्यातल्या चौकटीत अ. र. लिहिलं, तेही जुन्या कार्डावरून गिरवून. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते पाकीट मी स्वतः पोस्टात टाकलं.

सतरा तारखेला संध्याकाळी ऑफिसातून आले तर चैतन्य चहा करत होता.

“अगं, फरीदाबादहून पाकीट आलंय,” तो म्हणाला. “मी दिलं अण्णांना. तेवढंच बरं वाटेल म्हटलं.”

चैतन्यला मी काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्याची काही चूक नव्हती, तरी मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो चहाची गाळणी हातात घेऊन तसाच उभा राहिला.

अण्णा बाहेरच्या खोलीत हीटरपाशी बसले होते. कार्ड त्यांच्या मांडीवर होतं. मी खाली वाकून पाहिलं. इंजिनावर पिवळ्या खुणा, डब्यांवर, चांदणीवर, सायकलच्या चाकांवरसुद्धा. लाल गोल दोन होते. एक सिग्नलभोवती. दुसरा कोपऱ्यातल्या चौकटीत, अ. र. या अक्षरांभोवती. खाली काकांच्या गोल अक्षरात लिहिलं होतं:

‘१. फाटक उघडे असता सिग्नल हिरवा. अमान्य.
२. आरेखकाची सही. अमान्य.
मूळ आरेखकाने दुरुस्त करून पुन्हा पाठवावे.’

‘तपासले’ची चौकट कोरी होती. काकांनी सही केलीच नव्हती.

मला वाटलं अण्णा आधी सहीबद्दल बोलतील. त्यांनी डाव्या हाताचं बोट फाटकावर ठेवलं. “उघडं,” ते म्हणाले. मग सिग्नलवर. “हिरवा.” त्यांचा चेहरा लाल झाला होता. शब्द येत नव्हता आणि या वेळी मी तो त्यांच्यासाठी बोलले नाही, कारण मला तो माहीत नव्हता. शेवटी ते म्हणाले, “माणसं… मरतात.”

“अण्णा, गंमत म्हणून केली होती मी. तुम्ही करता तशी चूक.”

“मी?” ते म्हणाले.

मग त्यांचं बोट कोपऱ्यातल्या अक्षरांवर आलं. माझ्याकडे पाहिलं. “तू?”

“हो,” मी म्हणाले.

त्यांनी कार्ड पालथं घातलं आणि डोळे मिटून घेतले. “कळलं… त्याला,” ते म्हणाले.

त्या संध्याकाळी मी जुनी सगळी कार्डं जमिनीवर मांडली आणि आयुष्यात पहिल्यांदा नुसते लाल गोल पाहत गेले. सावली. धूर. हमालाच्या बिल्ल्याची बाजू. घड्याळातले दोन्ही काटे सारख्याच लांबीचे. कुत्र्याला पाचवा पाय. बाराही डब्यांत एकच बाई खिडकीशी. अडतीस वर्षांत एकही चूक सिग्नलमध्ये नव्हती. रुळात नव्हती, फाटकात नव्हती. गाडीला धोका होईल असं त्यांनी खेळातसुद्धा कधी काढलं नव्हतं. मी ही कार्डं लहानपणापासून बघत होते, मैत्रिणींना दाखवत होते, आणि हे मला कधी दिसलंच नव्हतं. काकांना कार्ड उघडल्याबरोबर दिसलं असणार. मला माझीच लाज वाटली. माझ्या बापाचं अक्षर मी गिरवलं होतं आणि बाप मला माहीत नव्हता.

पण लाज वाटली की मला राग येतो, हा माझा स्वभाव आहे. दोन दिवस अण्णा कोणाशी बोलले नाहीत. जेवताना घास अर्ध्यावर ठेवून द्यायचे. नाताळचा फराळ करायला घेतला होता, करंज्यांचं सारण तयार होतं. मी ते तसंच झाकून ठेवलं. शनिवारी सकाळी मला राहवेना. मी फरीदाबादला फोन लावला. काकांची सून रेवती, तिने उचलला.

“हाय विनया! मेरी ख्रिसमस आधीच, यार! कशी आहेस?”

“रेवती, काकांना दे. स्पीकरवर टाक.”

“अच्छा, पण जोरात बोलावं लागेल हं, मशीन लावत नाहीत ते कानाला.”

मी जोरात बोलले. मला निमित्तच हवं होतं.

“काका, मी विनया!”

“कोण?”

“विनया! अण्णांची!”

“हं. बोल.”

“कार्ड परत का पाठवलंत?”

“चूक होती.” काका मोठ्याने बोलत होते, बहिरी माणसं बोलतात तसं. “कोणी काढलंय ते? त्याने नाही काढलेलं. तो कुठे आहे?”

आणि मग मी ओरडले. आमच्या मजल्यावरच्या चारही घरांना ऐकू गेलं असेल. “काका, त्यांचा हात गेलाय! उजवा हात गेलाय, ऑगस्टपासून! त्यांना पेन धरता येत नाही, धड बोलता येत नाही, आणि तुम्ही लिहिता दुरुस्त करून पाठवा! कसली ती मेली तपासणी? एक पिवळी खूण केली असती तर काय बिघडलं असतं तुमचं? कोण मरणार होतं?”

रेवती हळूच “बापरे” म्हणाली.

“ऑगस्ट,” काका म्हणाले. आवाज पहिल्यासारखा नव्हता. “आणि हा डिसेंबर.”

“त्यांनीच सांगू नका म्हटलं होतं.”

“तो म्हणणारच.” काकांनी मग एकदम विचारलं, “विनया, डावा?”

“काय?”

“डावा हात. डावा आहे ना त्याला?”

“आहे.”

“मग त्याला सांग, यंदाचं कार्ड अजून आलेलं नाही. मी वाट बघतोय.”

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग रेवती फोनवर आली. “विनया, बाबा आत निघून गेले गं. रडतायत बहुतेक. मी नंतर करते तुला फोन, ओके?”

मी फोन ठेवला आणि मागे वळले. बाल्कनीचं दार उघडं होतं. अण्णा तिथेच उन्हात बसले होते, पाच पावलांवर. माझाही फोन स्पीकरवर होता हे मला तेव्हा आठवलं. जे त्यांनी लपवायला सांगितलं होतं ते मी त्यांच्याच समोर, अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं होतं. मला वाटलं, आता हे माझ्याशी कधीच बोलणार नाहीत. मी त्यांच्या पायाशी खाली बसले. माफी मागायची होती, पण मला माफी मागायची सवय नाही, ती कुठून सुरू करतात ते कळेना.

“वाट… बघतोय?” अण्णांनी विचारलं.

“हो.”

“अशोक?”

“हो अण्णा. कार्ड अजून आलेलं नाही म्हणाले.”

ते रस्त्याकडे बघत राहिले. खाली कोणीतरी स्कूटर सुरू करायला किका मारत होतं. मग त्यांनी उजवा हात डाव्या हाताने उचलला, मांडीवरून बाजूला केला आणि म्हणाले, “बोर्ड.”

चैतन्यने माळ्यावरून ड्रॉइंग बोर्ड काढला, पुसला, खुर्चीच्या दोन हातांवर आडवा ठेवून दोरीने बांधला. मी कागद चिकटवला. अण्णांनी डाव्या हातात पेन्सिल धरली, लहान मूल चमचा धरतं तशी, मुठीत. पट्टी धरायला दुसरा हात नव्हता. मी पट्टीवर बोटं ठेवली तर त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने माझी बोटं ढकलली. “नको. मी काढतो.” थोडं थांबून म्हणाले, “मी… काढलेलं.” मग मी स्वयंपाकघरातून खलबत्त्यातला बत्ता आणून पट्टीवर वजन म्हणून ठेवला. तो त्यांना चालला.

पहिल्या दिवशी रुळाची एक रेघ झाली. तीही मध्येच पट्टी सोडून वर गेली. त्यांनी ती खोडली, कागद फाटला. दुसरा कागद. पंचवीस तारखेला सकाळी आमच्या ओळखीच्या चार मराठी कुटुंबांची नाताळची उपासना होती, तिथून आलो, करंज्या खाल्ल्या, आणि अण्णांनी पुन्हा बोर्ड मागितला. दोरीवर अडतीस कार्डं लावली होती आणि एक चिमटा रिकामा. पाहुणे आले, गेले. अण्णा कागदावर वाकलेले होते. कपाळावर घाम, थंडीत. कधी चिडून पेन्सिल फेकायचे, मग मी ती उचलून टोक करून द्यायची आणि तोंडातून शब्द काढायची नाही. मला हे किती जड गेलं ते मी सांगू शकत नाही. ज्या माणसाच्या हातची रेघ मी आयुष्यभर पाहिली होती त्याची ही रेघ पाहवत नव्हती. दोनदा मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

जानेवारीच्या आठ तारखेला कार्ड पुरं झालं. रूळ एकमेकांपासून लांब जात होते. इंजिन म्हणजे एक चौकोन, त्याला तीन चाकं, तिसरं रुळाच्या खाली. चांदणीला चार कोन नीट आणि पाचवा आडवा झालेला. फाटक मात्र बंद होतं. आडवा दांडा त्यांनी तीन वेळा गडद केला होता, आणि पलीकडे सायकलवाला एक पाय जमिनीवर टेकून थांबलेला. सिग्नल हिरवा. कोपऱ्यात दोन चौकटी, वाकड्या, आणि पहिलीत मोठ्या, कापऱ्या अक्षरांत अ. र.

“अण्णा, यंदाची चूक कुठली?” मी विचारलं.

त्यांनी कार्डाकडे पाहिलं. तोंडाची एक बाजू हलली, पाच महिन्यांत पहिल्यांदा. “सगळंच,” ते म्हणाले.

मी ते पाकिटात घातलं आणि पोस्टात टाकलं. टाकताना मनात आलं की रेवतीला फोन करावा, सांगावं की काकांना म्हण, या वेळी तरी लाल पेन्सिल काढू नका. नंबर काढलासुद्धा. मग ठेवून दिला फोन.

एकोणीस तारखेला ते परत आलं. या वेळी मीच अण्णांना दिलं. चैतन्य माझ्या मागे उभा होता. पाकीट अण्णांनी दाताने फोडलं.

कार्डभर लाल होतं. रुळांवर लाल, रुळांखालच्या प्रत्येक आडव्या स्लीपरवर लाल, तिन्ही चाकांवर, चौथं चाक जिथे असायला हवं त्या रिकाम्या जागेवर, धुरावर, चांदणीच्या आडव्या कोनावर. कुठे कुठे दोन गोल एकमेकांत गेले होते. माझं डोकं भणाणलं. एवढ्या थंडीत, एवढे दिवस, तो घाम, आणि हे! मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात चैतन्यने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

अण्णा वाचत होते. डावं बोट एका गोलावरून दुसऱ्या गोलावर जात होतं, न चुकता, एकही न गाळता. प्रत्येक ठिकाणी थांबून ते मान हलवत होते. “बरोबर,” ते म्हणाले. पुढच्या गोलावर, “बरोबर.” तिसऱ्या चाकापाशी आले तेव्हा त्यांना हसू फुटलं, आवाज आला घशातून. “नाही सोडलं,” ते म्हणाले. “नाही… सोडलं त्याने.” आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं, हसू तसंच.

बोट फाटकावर आलं. तिथे पिवळी खूण होती. सिग्नलवर पिवळी खूण. मग कोपऱ्यात आलं. अ. र. या वाकड्या अक्षरांवर एक पिवळी खूण होती, जरा ठसठशीत, आणि शेजारी लिहिलं होतं, ‘आरेखकाची सही. मान्य.’

अण्णांनी ते बोट तिथून उचललं नाही. मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. अशोककाकांनी त्यांना एक रेघ फुकट दिली नव्हती. म्हणून ती एक खूण खरी होती, आणि आम्हा तिघांनाही ते कळत होतं.

मग अण्णांनी कार्ड माझ्यापुढे धरलं आणि खालच्या ओळीवर बोट टेकवलं. मी वाचली. नेहमीचीच ओळ होती, दुरुस्त करून पुन्हा पाठवावे.

“बोर्ड आण,” अण्णा म्हणाले. दोन्ही शब्द एका दमात आले.